पंच्याहत्तर सेकंदांची शिकार

वाचकहो, या पाक्षिकात आपण गुडघेदुखीवरचे व्यायाम, मधुमेहातील पथ्ये आणि झोपेच्या तक्रारी यांविषयी बरेच वाचले असेल. आज मी आपल्याशी एका खेळाविषयी बोलणार आहे. माझे वय ६८ आहे आणि गेली दोन वर्षे मी मोबाइलच्या काचेवर अक्राळविक्राळ प्राण्यांची शिकार करते आहे. हसू आले असल्यास जरूर हसा. पहिल्या दिवशी मलाही आले होते.

माझ्या यजमानांना आठ वर्षांपूर्वी कंपवाताचे निदान झाले. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना अधिक सांगणे नलगे. गोळ्यांच्या वेळा चुकवता येत नाहीत, आणि घरातला बाकीचा दिवस त्या वेळांच्या मधल्या फटींत बसवावा लागतो. संध्याकाळी शेजारच्या वहिनी पाऊण तास यांच्याजवळ बसतात. तेवढ्या वेळात मी ठाण्याच्या तलावपाळीला एक फेरी मारून येते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत नातू आला होता. तो एकदा सोबत आला आणि म्हणाला, "आजी, नुसतीच काय चालतेस? चालता चालता शिकार कर." माझ्या फोनवर त्याने 'मॉन्स्टर हंटर नाऊ' हा खेळ घालून दिला.

हे घराणे जपानी आहे. कॅपकॉम या कंपनीने २००४ मध्ये प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी पहिला 'मॉन्स्टर हंटर' काढला. दूरचित्रवाणीसमोर बसून, दोन्ही हातांत बटणांचा ठोकळा धरून खेळायचा तो खेळ. एकेका शिकारीला ५० मिनिटांपर्यंत मुदत असे. पुढे तो हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रावर आला, आणि जपानमध्ये शाळकरी मुले व नोकरदार माणसे चौघाचौघांचे कोंडाळे करून शिकार करू लागली. २०१४ मध्ये त्यांतलाच एक खेळ आयफोनवर उतरला. बटणे मात्र काचेवर रंगवलेली होती.

त्यातली अडचण आपल्याही ध्यानात येईल. खऱ्या बटणाला कड असते, उंचवटा असतो; न पाहताही बोटाला त्याची जागा कळते. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. बोट घसरते, आणि ज्या अंगठ्याने वार करायचा त्याखालीच प्राणी झाकला जातो. उतारवयात बोटांची त्वचा कोरडी पडते, तेव्हा काच आपला स्पर्श कधी मानते, कधी मानत नाही. बँकेचे व्यवहार मोबाइलवर करताना आपल्यापैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल.

कॅपकॉम आणि नायँटिक यांनी २०२३ मध्ये आणलेल्या या नव्या खेळात ती बटणेच जवळजवळ काढून टाकली आहेत. फोन उभा धरायचा. टिचकी मारली की वार, बोट टेकवून ठेवले की ढाल पुढे, बोट सर्रकन सरकवले की उडी मारून बाजूला. आपण प्रत्यक्ष ज्या रस्त्याने चालतो त्याच रस्त्याच्या नकाशावर प्राणी दिसतात. एखाद्यावर रंगाचा गोळा टाकून खूण करून ठेवली, तर त्याची शिकार घरी येऊन निवांत करता येते. आणि मुदत? अवघी ७५ सेकंद. तेवढ्यात प्राणी पडला तर पडला, नाही तर निसटला.

पहिला आठवडा मी नुसता मार खाल्ला. ग्रेट जॅग्रास नावाचे घोरपडीच्या जातीचे एक धूड आहे. ते दिसले की मी घाबरून टिचक्यांचा पाऊस पाडी. नातू म्हणाला, "आजी, मारू नकोस. आधी बघ." त्या एका वाक्यात या खेळाचे सारे शास्त्र आहे. प्रत्येक प्राणी हल्ल्यापूर्वी काहीतरी खूण देतो. कोणी मान मागे घेतो, कोणी अंग चोरतो. कुलू-या-कू नावाचा चोचीचा प्राणी तर जमिनीतून दगड उकरून छातीशी धरतो. ती खूण ओळखायची, बाजूला व्हायचे आणि तो तोल सावरतो आहे तोवर दोन वार करायचे. जड तलवार एकदा उचलली की मागे घेता येत नाही, म्हणून उचलण्यापूर्वीच विचार करावा लागतो. आठ वर्षे मी घरात हेच करीत आले होते. यांची पावले आता अडखळणार, हे मला पावलांआधी खांद्यांवरून कळते. म्हणून असेल, पण महिन्याभरात मी बऱ्यापैकी शिकारी झाले.

आता जे सांगायचे आहे ते सांगणे सोपे नाही.

गेल्या वर्षी श्रावणातली एक दुपार. हे झोपले होते. मी खिडकीशी बसून सकाळी खूण केलेल्या कुलू-या-कूशी लढत होते. "अगं" अशी हाक आली. कंपवातात आवाज बारीक होतो. यांची हाक म्हणजे कुजबुजच. पण मला ती ऐकू आली होती. माझ्या मनात आले, चाळीस सेकंद उरली आहेत, तेवढी झाली की उठते. हे स्वतःच उठले, पलंगाशी वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले आणि हे पडले. सुदैवाने हाड मोडले नाही. भुवईवर तीन टाके पडले. डॉक्टरांनी विचारले, "तुम्ही कुठे होता?" मी म्हणाले, "स्वयंपाकघरात."

दोन रात्री मला झोप आली नाही. फोन उलटा ठेवला असता तर फार तर एक प्राणी निसटला असता. तिसऱ्या दिवशी यांचे टाके पुसताना मी सारे खरे सांगितले. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "जिंकलीस का?" मी म्हटले, "हो." "मग ठीक," असे म्हणून यांनी डोळे मिटले.

मी खेळ बंद केला. पण दोन आठवड्यांत मला माझी ओळख पटेना. सदऱ्याच्या गुंड्या लावायला यांना वेळ लागला की माझा स्वर चढू लागला. वहिनींच्याही गोष्टी नकोशा झाल्या. ज्या चार मिनिटांत मी कोणाची सेविका नव्हते, ती चार मिनिटे मी माझ्याच हातांनी काढून घेतली होती. चूक माझी होती, ती मला आजही मान्य आहे. मात्र विसावा घेणे ही चूक नव्हती. ज्या वेळी मी तो घेतला, ती वेळ माझी नव्हती.

अखेर यांनीच एकदा विचारले, "तुझा तो दगडवाला कुठे गेला?"

त्या दिवसापासून आम्ही दोघे मिळून खेळतो. फोन जेवणाच्या मेजावर उभा करून ठेवतो, म्हणजे मान वाकत नाही आणि अंगठ्यावर भार येत नाही. आधी मी यांच्याच हातात फोन दिला होता. कंपवाताचा कंप हात स्वस्थ असताना अधिक असतो, हाताने काही करू गेले की बहुधा कमी होतो. त्यामुळे टिचकी यांना जमली. पण हालचालीतला मंदपणा राहतोच, आणि बोट सरकेपर्यंत प्राण्याची शेपटी बसलेली असे. मग आम्ही कामे वाटून घेतली: डोळे यांचे, बोट माझे. प्राण्याने मान मागे घेतली की हे "आता!" म्हणतात आणि मी बोट सरकवते. हळू म्हणाले तर मला ऐकू येत नाही आणि मार बसतो. म्हणून मोठ्याने म्हणावे लागते. मोठ्याने बोलण्याचा सराव करा, असे यांना कितीदा सांगितले गेले होते. आरशासमोर बाराखडी म्हणायला मात्र हे कधीच राजी नव्हते. याला मी उपचार म्हणत नाही, आणि यांचा आजार याने हटलेला नाही. पण दुपारी चारला आमच्या घरातून जो "आता!" उमटतो, तो जिन्यात ऐकू जातो.

आपल्या घरी कोणी हा किंवा असा खेळ सुरू करणार असेल, तर माझे नियम सांगून ठेवते. चालताना पडद्याकडे पाहायचे नाही. शिकार करायची तर बाकावर बसून. तलावपाळीच्या गर्दीत एकदा माझाच पाय पदपथाच्या कडेवरून निसटता निसटता राहिला होता. रुग्ण झोपलेला असताना आणि घरात दुसरे कोणी नसताना खेळायचे नाही. हाक आली की फोन पालथा, मग समोर कोणताही प्राणी असो. एका बैठकीत तीनच शिकारी, कारण पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. मनगटाशी, अंगठ्याच्या बाजूला दुखू लागले तर काही दिवस विश्रांती घ्यावी आणि दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. खेळात पैसे देऊन वस्तू विकत घेता येतात. तो मार्ग घरातल्या जाणत्या माणसाकडून कुलूपबंद करून घ्यावा.

आणि शुश्रूषा करणाऱ्या माझ्या भगिनी-बंधूंनो, आपली चार मिनिटे कोणती ते घरच्यांना उघडपणे सांगा. कोणाचे विणकाम असेल, कोणाचे शब्दकोडे. तेवढ्या वेळापुरते रुग्णाजवळ कोण बसेल, हे आधी ठरवून घ्या. लपवून घेतलेला विसावा कसा असतो, ते मी आपल्याला सांगितलेच आहे.

या खेळात घटलेली शक्ती औषधाने तरी भरून येते किंवा नुसता वेळ जाऊ दिला तरी हळूहळू भरते. काल यांनी ती पट्टी निरखून पाहिली आणि मला म्हणाले, "थांब थोडी. तुझी अजून भरलेली नाही." मी फोन ठेवला आणि चहाचे आधण चढवले.