वाडी गावात आहे, म्हणून वाडी म्हणजे गाव नव्हे

चि. सोनू,



महाड-पोलादपूरची विखुरलेली माहिती एकत्र आणायचं काम तू हाती घेतलंस, याचा मला फार आनंद झाला. महसुली गावं, जनगणनेचे संकेतांक, ग्रामपंचायतींच्या याद्या, भूवैज्ञानिकांचे दरडींचे नकाशे, प्रत्येकाची मांडणी निराळी. त्यांच्यातले दुवेही निरनिराळ्या लोकांनी जोडलेले. आता तू दुव्याला दुवा जोडणार. त्याआधी एवढं वाच.

कोंढाळकरवाडी तळियेत, तळिये महाड तालुक्यात. म्हणून कोंढाळकरवाडी महाड तालुक्यात. ही साखळी रायगड जिल्ह्यापर्यंत ने, राज्यापर्यंत ने, खरीच राहील. आता दुसरी घे. धोक्याचा उतार एका गावाच्या हद्दीत थोडा शिरतो. त्या गावात चार वाड्या आहेत. मग उताराखाली कोणती वाडी? सांगताच येत नाही. दोन्ही विधानं खरी, तरी तिसरं निघत नाही. दोन्ही ठिकाणी तू नुसतं ‘संबंधित’ लिहिलंस, तर संगणक चारही वाड्यांवर धोक्याचा शिक्का मारेल आणि खरी धोक्यातली वाडी त्या गर्दीत हरवेल.

निरनिराळ्या याद्यांतल्या संज्ञा एकमेकींना जोडण्याच्या स्कॉस (SKOS) या २००९ साली प्रमाण झालेल्या पद्धतीत हा विचार आधीच केलेला आहे. ‘तंतोतंत जुळतं’ हे नातं तिथे पुढच्या दुव्यापर्यंत नेता येतं, ‘जवळपास जुळतं’ हे नेता येत नाही. जवळपासला जवळपास जोडत गेलं की चूक साठत जाते.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे देशभरचे दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० प्रमाणाचे. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. आपल्याकडची लहान वाडी त्यात दोन-तीन मिलिमीटरांत संपते. जनगणनेचा संकेतांक महसुली गावाला, वाडीला नाही. पण २२ जुलै २०२१ रोजी डोंगर कोसळला तो कोंढाळकरवाडीवर. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडीवर दरड आली. तीही वाडीच.

म्हणून प्रत्येक वाडीला स्वतंत्र नोंद दे, तिचे अक्षांश-रेखांश जागेवर जाऊन घे. प्रत्येक दुव्यापुढे नातं कोणतं, कुणी जोडलं, कधी, हे लिही. दोन वाटांनी दोन उत्तरं आली तर बहुमतावर सोडू नकोस. दोन्ही ठेव आणि तलाठ्याला, पोलीस पाटलाला, वाडीतल्या जुन्या माणसांना विचार. आणि हे सगळं जून लागायच्या आत कर.

तुझा,
मामा