बोरी अरबहून चित्रे पाठवताना

मराठी नियतकालिकांसाठी आणि पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्यांत पगारी चित्रकार थोडे, मुक्त चित्रकार फार. मुक्त चित्रकाराकडे मजकूर येतो, तो कच्चे रेखाटन पाठवतो, होकार आला की पक्के चित्र करतो आणि अंक निघाल्यावर मानधनाची वाट पाहतो. प्रस्तुत लेखक हे काम यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात, बोरी अरबला राहून करतो. कथा पुण्या-मुंबईहून येते, चित्र ई-मेलने जाते, आणि संपादकाची व चित्रकाराची प्रत्यक्ष गाठ बहुधा पडतच नाही.

खेड्यातल्या मुलाला छापील चित्र प्रथम भेटते ते शाळेत. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी शि. द. फडणीस यांनी चित्रे काढली होती. बेरीज न जमणारे मूलही ती पुन्हा पुन्हा पाहत बसे. बालभारतीचेच ‘किशोर’ मासिक १९७१ साली सुरू झाले. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांनी हात वळणावर येतो. मजकूर वाचून चित्र सुचणे मात्र त्या परीक्षांत येत नाही. ते शिकायला जुने दिवाळी अंक उपयोगी पडतात. मडगावात १९१६ साली जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. मालक आणि संपादक आपणच असल्यावर चित्राला नकार देणारा कोणी उरत नाही, हाही त्यातला एक फायदा म्हणायचा. वसंत सरवटे यांची तऱ्हा निराळी. ते व्यवसायाने स्थापत्य अभियंता, ए.सी.सी. या सिमेंट कंपनीत नोकरी सांभाळून त्यांनी रेखाटने केली. ‘ललित’ मासिकातील जयवंत दळवींच्या सदरासाठी त्यांनी काढलेला ठणठणपाळ पाहिला की मजकुराचा तिरकस सूर वाचण्याआधीच कळतो. प्रस्तुत लेखकाच्या मते लहान गावातल्या चित्रकाराला सरवट्यांचा मार्ग अधिक परवडतो. घरातला किराणा चित्रांच्या मानधनावर अवलंबून नसला की नकार पचायला सोपा जातो. म्हणूनच दुकानांच्या पाट्या, शाळांच्या बोलक्या भिंती, मंगल कार्यालयाची कमान अशी कामे चालू ठेवावी लागतात. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचे काम उतरले, भिंतींचे अजून टिकून आहे.

छापील चित्रांखेरीज दुसरी प्रेरणा गावाची. या भागात कपाशी मुख्य पीक. वेचणीच्या दिवसांत बायका कमरेला ओटी बांधून ओळीने पुढे सरकतात. ओटी भरत जाते तसा चालण्याचा तोल बदलतो, खांदे मागे जातात. रेषेला अशा गोष्टी हव्या असतात. उन्हाळ्यात पराटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचे, ढीग, त्यांच्या आडव्या-उभ्या काड्यांची गुंतागुंत पेनाने काढायला फार चांगली. श्रावण अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुले लाकडी बैल सजवून आणतात. खऱ्या बैलापेक्षा या लाकडी बैलांत प्रत्येक सुताराचा हात अधिक दिसतो. कोणाचा बैल ताठ मानेचा, कोणाचा बुटका. लेखकाच्या वह्यांत माणसांपेक्षा हे बैलच जास्त आहेत.

पोळ्याचे दिवस हेच दिवाळी अंकांच्या घाईचेही दिवस. कथा पावसाळ्यात हाती येते आणि भाद्रपदात चित्र मागितले जाते. कथेच्या शीर्षकाशेजारचे चित्र बहुधा काळ्या-पांढऱ्या रेषेत असते. कागदावर शाईने काढायचे, स्कॅन करून तीनशे डीपीआयवर फाइल द्यायची, रंगीत असेल तर सीएमवायके करायची. लाइट गेली की सारेच अडते. बालसाहित्याचे काम याहून सावकाश चालते, पण त्यात नकारही अधिक, कारण लेखक, संपादक, मांडणीकार, कधी विक्री विभाग अशा अनेकांची पसंती लागते.

असाच एक नकार कापसाच्या गोष्टीवरून आला. एका प्रकाशन संस्थेसाठी केलेल्या चित्रात शेत तपकिरी होते, पाने लालसर वाळलेली आणि बोंडे फुटलेली. वेचणीच्या वेळी कपाशी अशीच दिसते. मांडणीकाराला मात्र शेत हिरवेगार हवे होते. पुस्तक दुकानात उठून दिसले पाहिजे, हे त्याचे म्हणणे व्यापाराच्या हिशेबात खोटे नव्हते. रंग बदलायला चित्रकाराने नकार दिला, संस्थेने चित्राला. काम दुसऱ्याकडे गेले. तेच चित्र पुढे काळ्या-पांढऱ्यात उतरवून एका दिवाळी अंकाच्या कथेला दिले आणि ते छापून आले. नाकारलेले चित्र फाडू नये, एवढा धडा त्यातून मिळाला.

या धड्याला कायद्याचाही आधार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. मात्र मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून रंगवलेल्या चित्राची मालकी, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याकडे जाते. हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी हवेत, आणि लेखात मुदत घातलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. चित्र नाकारले आणि पैसेही दिले नाहीत, तर सर्वसाधारणपणे ते चित्रकाराचेच राहते. म्हणून मजकूर स्वीकारतानाच तीन गोष्टी ई-मेलवर लिहून घ्याव्यात. कच्च्या रेखाटनाचे पैसे किती, पक्के चित्र नाकारल्यास किती, आणि चित्र दुसरीकडे वापरता येईल का. फोनवरचे बोलणे ऐनवेळी कोणाला आठवत नाही.

खरा त्रास स्पष्ट नकाराचा नसतोच. रेखाटन पोचले की नाही, आवडले की नाही, यावर काहीच उत्तर न येणे हा नकाराचा सर्वांत चालू प्रकार आहे. दिवाळी अंकाचा हंगाम छोटा. घटस्थापनेपर्यंत अंक छपाईला गेलेले असतात. तोवर उत्तराची वाट पाहिली तर ते चित्र दुसऱ्या कोणाला देण्याची वेळही निघून जाते. शहरातला चित्रकार कचेरीत जाऊन विचारू शकतो. बोरी अरबहून तेवढ्यासाठी पुणे गाठणे परवडत नाही. दोनदा ई-मेल आणि एकदा फोन करून चित्र मोकळे समजायचे, असा नियम लेखकाने स्वतःपुरता केला आहे. तसे आधीच कळवलेले असल्याने आजवर कोणी तक्रार केलेली नाही. संपादकांनाही एकच विनंती: चित्र नको असेल तर कारण देऊ नका, पण ‘नको’ एवढे पोळ्याच्या आठवड्याभरात कळवा.