विहिरीचे पाणी आणि भाजीचे भागीदार

दारी पाहुणा आला की आपण आधी पाण्याचा तांब्या पुढे करतो. पाणी निवळशंख दिसते, गोड लागते, म्हणून ते चांगलेच असणार असे धरून चालतो. पण पाण्यातला एक दोष असा आहे की तो डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि नाकालाही येत नाही. त्याचे नाव नायट्रेट. आज त्याच्याविषयी, आणि त्यावरच्या एका साध्या उपायाविषयी तुमच्याशी बोलायचे आहे.

आमचे श्रीपूर उसाचे गाव. 1934 साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना इथे उभा राहिला आणि शिवार उसाने भरले. उसाची भूक मोठी. आडसाली उसाला शिफारसच हेक्टरी 400 किलो नत्राची, म्हणजे एकरी जवळजवळ आठ पोती युरिया. तोही चार हप्त्यांत विभागून. त्यावर आपण हात सैल सोडून आणखी पोते टाकतो. पिकाने उचलले नाही ते नत्र नायट्रेट होऊन पाण्यात विरघळते. मातीचा कण त्याला धरून ठेवीत नाही. पाटाचे पाणी भरपूर सोडले की ते मुरमातून झिरपत खाली जाते आणि शेवटी आपल्याच विहिरीत उतरते.

सून बाळंतपणाहून परत यायच्या आधी मी विहिरीचे पाणी तपासून घेतले. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. आमचे त्याच्या वर निघाले. शेजारीण म्हणाली, "उकळून द्या, काही होत नाही." भगिनींनो, हे मात्र नीट ध्यानात ठेवा. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते आणि ते उलट दाट होते. तुरटीने किंवा क्लोरीननेही ते जात नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. ओठ, नखे निळसर पडतात. असे दिसले तर बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात देशातल्या सुमारे एक पंचमांश नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले. म्हणजे हे दुखणे एकट्या आमच्या विहिरीचे नाही.

आता प्रश्न असा, की जादा पोते आपण टाकतो कशासाठी? हौसेने नव्हे, भीतीने. भाव हाती नाही, निदान उतारा तरी हाती राहावा म्हणून. भाजीला तर अधिकच, कारण बाजारात हिरवीगार, टवटवीत पाने आधी उचलली जातात. ही भीती कमी झाली तर हातही आवरता येईल.

जपानमध्ये 1970 च्या दशकात शहरातल्या गृहिणींनी आणि शेतकऱ्यांनी मिळून यावर तोड काढली. तिला 'तेइकेई' म्हणतात. ठरावीक कुटुंबांनी शेतकऱ्याचा माल थेट घ्यायचा, शेतकऱ्याने तो विषारी फवारे टाळून पिकवायचा. अमेरिकेत 1986 पासून अशी शेते निघाली. तिथे हंगामाचे पैसे आधी देतात आणि पीक बुडाले तर तोटा सगळे मिळून सोसतात. जर्मनीतल्या म्युनिक शहराने तर 1992 पासून, ज्या खोऱ्यातून त्याचे पिण्याचे पाणी येते तिथल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पाणी साफ करीत बसण्यापेक्षा ते घाण होऊ न देणे बरे, हा त्यांचा हिशेब.

आपल्याला हे अगदीच परके नाही. कारखान्याचा भाग घेणे म्हणजे काय हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. तसाच हा भाजीचा भाग समजा.

गेल्या वर्षी आम्ही दहा गुंठ्यांवर हा प्रयोग सुरू केला. अकलूजच्या आठ कुटुंबांनी निम्मे पैसे आगाऊ दिले. युरिया बंद केला. कुजलेले शेणखत, ताग आणि उसाचे पाचट यांवर भाजी काढली. पावसाने मेथी झोडपली त्या आठवड्यात टोपलीत नुसती गवार आणि शेवगा गेला. मनात धाकधूक होती, पण कोणी पैसे परत मागितले नाहीत. एका गृहिणीने एवढेच विचारले, "पुढच्या आठवड्यात मेथी लावताय ना?" त्या शब्दाने जो धीर आला, तो खताच्या पोत्याने कधी दिला नव्हता.

एवढ्याने विहीर निवळली असे मी म्हणणार नाही. दहा गुंठ्यांनी ती निवळणारही नाही. जमिनीखालचे पाणी सुधारायला वर्षे लागतात आणि शेजारच्या शिवाराचीही साथ लागते. विहिरीलगतचा उघडा उकिरडा आणि शोषखड्डाही नायट्रेट वाढवतो, तेव्हा तोही दूर हलवा. शेणखत सेंद्रिय असले तरी वारेमाप टाकू नका.

सुरुवात पाण्याच्या तपासणीने करा. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची योजना होती. ग्रामपंचायतीत चौकशी करा. मग पाच-दहा ओळखीची घरे गाठा, देणे-घेणे आणि नुकसानीची वाटणी कागदावर लिहा, आणि सांभाळता येईल तेवढ्याच गुंठ्यांवर हात घाला.