माणशी एक माप

रमजानचे रोजे संपत आले म्हणजे आमच्या समाजातील प्रत्येक कुटुंबप्रमुखाला एक हिशेब मांडावा लागतो, आणि तो हिशेब संपत्तीचा नसून माणसांचा असतो. जमीन किती, दागिने किती, कोणाकडून येणे किती आणि कोणाचे देणे किती, ही चौकशी जकातीच्या वेळी होते. फितऱ्याच्या, म्हणजे रोज्यांच्या अखेरीस द्यावयाच्या दानाच्या, वेळी एवढेच पाहिले जाते की तुमच्या चुलीवर जेवणारी माणसे किती. जितकी माणसे तितकी मापे. पैगंबरांनी हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी हे दान अनिवार्य केले, आणि हजरत इब्न उमर यांनी ती आज्ञा जशी पुढे सांगितली तीत गुलाम आणि स्वतंत्र, स्त्री आणि पुरुष, लहान आणि थोर अशा सर्वांच्या वाट्याला एकच परिमाण आले आहे: एक साअ खजूर किंवा एक साअ जव, आणि तेही लोक ईदच्या नमाजासाठी बाहेर पडण्यापूर्वी. साअ म्हणजे चार मुद, आणि मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची भरलेली ओंजळ.

चिपळूण तालुक्यात, वाशिष्ठी खाडीच्या काठी, आमचा गाव. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, आणि शाफई मताप्रमाणे फितरा त्या त्या प्रदेशाच्या मुख्य अन्नातच द्यावा लागतो. म्हणून मदिनेतील खजुराच्या आणि जवाच्या जागी आमच्याकडे तांदूळ आला. शेवटच्या काही रोज्यांत एखाद्या दुपारी वडील माजघरात चटई अंथरीत, कणगीतल्या भाताचा कांडून ठेवलेला तांदूळ तीवर ओतीत, आणि घरातल्या एकेकाचे नाव घेत लोखंडी मापाने एकेक ढीग वेगळा करीत. त्या मापाने किती भरावे हे मशिदीचे खतीब दरसाल सांगत. परंतु माझ्या दादीचा विश्वास ओंजळीवर अधिक होता, आणि मापाचा तांदूळ ओंजळीने पुन्हा मोजून पाहिल्यावाचून ती कोणताही ढीग पिशवीत जाऊ देत नसे. शिवाय तिचा आग्रह असा, की माप सपाट भरून चालायचे नाही, त्यावर शीग आली पाहिजे. आम्ही कुळे होतो. खोताच्या खळ्यावर आमचे धान्य शीग लावून मोजून घेतले जाई, आणि देण्याच्या वेळी तेच माप काठाशी हात फिरवून सपाट केले जाई, हे दादीने आयुष्यभर पाहिले होते. मापात लबाडी करणाऱ्यांना कुराणातील एका संपूर्ण अध्यायाच्या आरंभीच कठोर इशारा दिला आहे, आणि तो अध्याय दादीला मुखोद्गत होता. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. पण दादीच्या दृष्टीने न्याय्य मापाची वहिवाट आमच्या माजघरात त्यापूर्वीपासूनच चालू होती.

चांद्रवर्ष सौरवर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान सर्व ऋतूंतून फिरत राहतो, आणि त्यामुळे फितऱ्याची वेळ सुगीच्या सोयीने येत नाही. कधी ती भात झोडून घरात आल्यावर येई, आणि तेव्हा देणाऱ्याचा हात सहजच सैल असे. पण कधी ती ऐन पावसाळ्यात, कणगीचा तळ दिसू लागलेला असताना येई, आणि अशा वर्षी वडिलांनी उसन्या आणलेल्या तांदळातून माणशी एक माप वेगळे काढताना मी पाहिले आहे. दादी त्या दिवशी मोठ्याने काही बोलत नसे. मात्र शीग तेव्हाही कमी होत नसे.

मोहल्ल्याच्या टोकाला एक विधवा राहत असे. तिला आम्ही सारी मुले खाला म्हणत असू. जाळी विणून आणि दुसऱ्यांचे भात कांडून ती आपले आणि दोन लेकरांचे पोट भरी. आमच्या घरचा फितरा तिच्याकडे जाई, तसा आणखी दोन-तीन घरांचाही जाई. एका वर्षी चांदरातीला ही खाला आमच्या दारी आली, तिच्या हातात तीन पुरचुंड्या होत्या, आणि मशिदीच्या सोप्यात राहणाऱ्या आंधळ्या फकिराकडे त्या पोचवाव्यात म्हणून ती माझी सोबत मागत होती. दादीने एक पुरचुंडी माझ्या हातात देत सांगितले, "खालाचा फितरा आहे, नीट धर." जिला आम्ही देतो तिने पुन्हा द्यायचे, हे मला उमगेना. वाट अंधारी होती आणि खाला माझ्यापुढे ताठ मानेने चालत होती, एवढे मात्र मला स्पष्ट आठवते.

पुढे कळले, की आमच्या मताप्रमाणे ईदची रात्र आणि ईदचा दिवस यांपुरते आपले व आपल्या आश्रितांचे अन्न बाजूला ठेवून ज्याच्याजवळ काही उरते, त्या प्रत्येकावर फितरा आहे. हनफी मतात ही जबाबदारी निसाबाइतकी, म्हणजे जकात लागू होण्याइतकी, मालमत्ता असणाऱ्यावरच येते, आणि त्यामागे गरिबाविषयी करुणा आहे हे मी जाणते. पण आमच्या मतात जी करुणा आहे ती मला अधिक खोल वाटते. दारिद्र्याचे मोठे दुःख केवळ पोटाचे नसते. आपला हात सदैव खालीच राहणार, ही जाणीव भुकेइतकीच जिवाला खाते. ज्या घरात आठवडाभर आधी तांदूळ नव्हता त्या घरातून मिळालेल्या तांदळाचे माप निघावे आणि त्या घरच्या बाईचे नाव देणाऱ्यांच्या यादीत दाखल व्हावे, एवढ्यासाठी शरियतने मार्ग खुला ठेवला आहे. हजरत इब्न अब्बास यांनी फितऱ्याची दोन प्रयोजने सांगितली: रोजेदाराकडून घडलेल्या वावग्या बोलण्याची शुद्धी आणि गरिबांचे अन्न. खालालाही रोजे होते, आणि तिलाही त्या शुद्धीचा हक्क होता.

माझा धाकटा भाऊ एकोणतिसाव्या रोज्याला, असरच्या नमाजानंतर जन्मला, आणि त्याच संध्याकाळी चंद्र दिसला. शाफई मताप्रमाणे रमजानच्या अखेरच्या दिवशी सूर्य मावळताना जो जिवंत आहे त्याचा फितरा द्यावयाचा असतो. सूर्यास्तापूर्वी जो गेला त्याचा नाही, आणि सूर्यास्तानंतर जो आला त्याचाही नाही. वडिलांनी सुइणीला दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि ज्याचे नावही अद्याप ठेवले नव्हते अशा त्या काही घटकांच्या माणसासाठी एक पूर्ण माप घातले.

लग्नानंतर माझे माप वडिलांच्या ढिगांतून निघून पतीच्या हिशेबात गेले, आणि मी मुंबईस आले. पती बंदरात कारकून होते. गावात असताना जो नियम कधी आडवा आला नव्हता तो येथे प्रथम समजला: जेथे देह तेथे त्याचा फितरा. आमचे निम्मे पुरुष मुंबईत किंवा आगबोटीवर आणि बायकामुले गावी, अशी कोकणची जुनीच स्थिती. तेव्हा एकाच घरच्या मापांची अशी फाळणी होई, की कमावत्याचे माप मुंबईच्या गरिबाला आणि त्याच्या लेकरांची मापे गावच्या गरिबाला. १८०२ साली बांधून पूर्ण झालेल्या मुंबईच्या जामा मशिदीत पती आपला तांदूळ घेऊन जात.

शेजारची बाई हनफी होती. तिच्याकडून मला दोन नव्या गोष्टी कळल्या. पहिली ही, की तिच्या मताप्रमाणे पत्नीचा फितरा पतीवर बंधनकारक नाही, तिचा तिनेच द्यावा; आणि ती शिवणकामाच्या पैशांतून तो मोठ्या अभिमानाने देत असे. दुसरी ही, की त्यांच्यात गव्हाचा अर्धा साअ पुरतो आणि त्याचे मोल नाण्यातही देता येते. अर्ध्या साअचा इतिहास जुना आहे: शामच्या, म्हणजे सीरियाच्या, गव्हाचे दोन मुद खजुराच्या एका साअच्या बरोबरीचे मानावेत, असे मत हजरत मुआविया यांनी मांडले, आणि अबू सईद खुद्री यांनी मात्र आपला पूर्ण साअ सोडला नाही. मोल देण्याची प्रथाही आजची नव्हे. खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ यांनी माणशी अर्धा दिरहम घेण्यास मोकळीक दिली होती.

मात्र या साऱ्या वादांत मला सर्वांत प्रिय आहे ती हारून रशीदचे काझी अबू युसूफ यांची हकीकत. ते इराकचे, इमाम अबू हनीफांचे पट्टशिष्य, आणि इराकी साअ मदिनेच्या साअहून पुष्कळ मोठा. मदिनेत त्यांनी तेथल्या लहान साअचा आधार विचारला, तेव्हा दुसऱ्या दिवशी मुहाजिर आणि अन्सार यांचे पन्नासएक वृद्ध वंशज आपापल्या चादरीखाली आपापल्या घरचा साअ घेऊन आले, आणि हे माप मला माझ्या वडिलांनी दिले, त्यांना त्यांच्या वडिलांनी, असे प्रत्येकाने सांगितले. सारी मापे सारखीच भरली, आणि अबू युसूफ यांनी आपले मत बदलले. ग्रंथांपेक्षा घराघरांतल्या भांड्यांनी दिलेली साक्ष एका थोर पंडिताने शिरोधार्य मानली, हे मी वाचले तेव्हा मला दादीच्या ओंजळीचा अर्थ नव्याने कळला.

१९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली. शेर आणि पायली हळूहळू व्यवहारातून गेली, आणि साअ अडीच किलोच्या आसपास धरला जाऊ लागला. आमचे लोखंडी माप भावाच्या घरी आहे. माझा मुलगा सौदी अरबस्तानात नोकरीला लागला. तेथे रमजानच्या अखेरीस रस्त्याच्या कडेला फितऱ्याच्या तांदळाच्या तयार पिशव्या विकावयास ठेवतात, हे त्याने कळविले तेव्हा, आमचे हे मुख्य अन्न खजुराच्या देशातही मापात बसले, याचे मला समाधान वाटले. त्याचा फितरा तेथे, माझा येथे.

पती एका रमजानच्या मध्यावर गेले. त्या वर्षी चटईवर त्यांचे माप पडले नाही, आणि माझे माप मी स्वतःच्या निवृत्तिवेतनातून स्वतः भरले, आजतागायत भरते. मुलगा म्हणतो, "आई, तुझाही मी देतो." पण माझ्यापाशी उरते आहे तोवर माझी गणना माझ्याच हिशेबात असावी, असे मला वाटते.

पैशाने फितरा देणाऱ्याला मी उणे लेखीत नाही. त्यालाही थोर इमामांचा आधार आहे. मला खंत आहे ती वेळेची. आता मुंबईत बहुतेक फितरा चांदरातीला, बाजाराच्या गर्दीतून परतताना दिला जातो आणि गरजूपर्यंत कित्येकदा ईद उलटल्यावर पोचतो. त्याने त्याचे पोट भरेल. पण अखेरच्या सूर्यास्ताला त्याच्या घरात काहीच नव्हते, म्हणून त्याला देणारा होण्याची संधी त्या वर्षापुरती गेली. हजरत इब्न उमर ईदच्या एक-दोन दिवस आधी फितरा पोचवीत, आणि आमच्या मताप्रमाणे तो रमजानच्या पहिल्या दिवसापासून देता येतो. तेव्हा ज्यांच्यावर फितरा आहे त्या वाचकांना माझी विनंती आहे: धान्य द्या किंवा मोल द्या, पण चंद्राची वाट पाहू नका, शेवटच्या चार-पाच रोज्यांतच ते घरी नेऊन द्या, म्हणजे घेणाऱ्यालाही आपले माप भरावयास अवधी मिळेल.