आधी उतरायचं कसं?

होस्टेलमध्ये विमानाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती पळेल?" बाईकची सवय, दुसरं काय! पण घरी बांधायच्या, एका सीटच्या वेगवान विमानाचा हिशेब कागदावर मांडायला घेतला की पहिला प्रश्न बदलतो. ते किती हळू उडू शकेल?

मित्रांनो, घरी विमान म्हटल्यावर हसू नका. आमच्या मीरा रोडपासून तिसरं स्टेशन कांदिवली. तिथे चारकोपला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याला उड्डाण चाचण्या झाल्या. म्हणजे होऊ शकतं. वेळ लागतो, एवढंच.

आता वेग. वेग दुप्पट हवा तर ताकद आठपट लागते. नुसता दहा टक्के वेग वाढवायला तेहतीस टक्के जास्त हॉर्सपॉवर! म्हणून हुशार लोक इंजिन वाढवत नाहीत, हवेचा अडथळा कमी करतात. अमेरिकेतल्या माइक आर्नोल्ड यांच्या एआर-५ ने १९९२ मध्ये फक्त ६५ हॉर्सपॉवरवर ताशी सुमारे ३४३ किलोमीटरचा विक्रम केला. आपल्या कित्येक गाड्यांना याहून मोठं इंजिन असतं.

मग मारुती ८०० चं इंजिन का नको? आमच्या विंगमध्ये यावर रात्रभर वाद झालाय. ते इंजिन ताकद देतं ५००० फेऱ्यांच्या आसपास. दीड मीटरचा पंखा त्या गतीने थेट फिरवला तर पात्याचं टोक सेकंदाला ३९३ मीटर जाईल, म्हणजे आवाजापेक्षा वेगात. पंखा नुसता ओरडेल, ओढणार नाही. मध्ये गिअरबॉक्स हवाच, आणि तोही भरवशाचा.

भरवसा का? तर आईने एकच प्रश्न विचारला होता, "वर इंजिन बंद पडलं तर?" आमच्या भाईंदरचंच बघा ना. एकीकडे खाडी, दुसरीकडे समुद्र, मध्ये तिवरं, मिठागरं आणि सात-सात मजली बिल्डिंगा. जिथे टेकायचं तिथे वेग जितका कमी, तितकं वाचणं सोपं. ताशी ७० ऐवजी १०० ने टेकलात तर आदळण्याची ऊर्जा दुप्पट होते. वेगासाठी पंख छोटे केले की हीच किंमत मोजावी लागते. एका सीटच्या विमानात ती कोण मोजतो, हे सांगायला नकोच!

म्हणून माझी पसंती आरव्ही-३ च्या जातीला. १९७१ चं डिझाईन, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि रिव्हेट्स. साधारण ८० च्या वेगापर्यंत हवेत तरंगतं. त्याला १५० हॉर्सपॉवरचं इंजिन बसतं. मी १०० चं रोटॅक्स घेईन. ताकद एक तृतीयांश गेली तरी वेग जेमतेम आठवा हिस्सा कमी होतो. इंजिन हलकं, म्हणून तोल साधायला नाकात थोडं पुढे बसवावं लागेल.

पेट्रोलचंही बघायला हवं. रोटॅक्सला साधं पेट्रोल चालतं, पण इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच, आणि आपल्या पंपावर आता २० टक्क्यांचं मिळतं. इंडियन ऑइल २०२२ पासून देशातच अ‍ॅव्हगॅस बनवतं, तेही या इंजिनाला चालतं. इंजिनाआधी इंधन ठरवा, नाहीतर बीडी-५ सारखं व्हायचं. १९७० च्या दशकात हजारो लोकांनी त्या छोट्या विमानाचे किट घेतले आणि इंजिन बनवणारी कंपनीच बुडाली. सांगाडे गॅरेजमध्ये तसेच पडून राहिले.

असो. माझ्या वहीत पहिल्या ओळीत उतरण्याचा वेग लिहिलाय, दुसरीत इंधन, तिसरीत इंजिन. कमाल वेगाची ओळ सगळ्यात शेवटी आहे. आईला वही दाखवली. तिने पहिली ओळ वाचली आणि म्हणाली, "बरं, पुढे सांग."