समासातली अक्षरं

माझी शिकवण्याची बहुतेक वर्षं हिब्रू बायबलच्या समासात गेली. स्टुटगार्टहून निघालेली ती जाडजूड प्रत एम.ए.ला हाती आली, तेव्हा मधल्या मजकुरातच घाम फुटायचा. कडेच्या बारीक अक्षरांकडे बघायला सवड नव्हती.

संशोधनासाठी जेरुसलेमला गेले आणि तिथल्या बाईंनी आधी समासच वाचायला लावला. एखाद्या शब्दावर लहानसं वर्तुळ, शेजारी समासात ‘लामेद’ हे एकच अक्षर, डोक्यावर टिंब. म्हणजे हे रूप अख्ख्या बायबलात दुसरीकडे कुठे नाही. छापील शब्दसूची नाही, संगणक तर नाहीच. मसोरा, म्हणजे समासातल्या या नोंदींची परंपरा, जपणाऱ्या पंडितांनी हे पाठांतराच्या बळावर सांगून ठेवलं. आमच्या प्रतीचा आधार म्हणजे इ.स. १००८च्या सुमारास कैरोत शमुएल बेन याकोबने लिहिलेली पोथी. ती आता सेंट पीटर्सबर्गला आहे.

मला सर्वांत भिडलं ते रूथच्या तिसऱ्या अध्यायातलं पाचवं वचन. रूथ सासूला तिचं सगळं ऐकण्याचा शब्द देते. वाचताना तिथे ‘मला’ असा एक शब्द परंपरेने म्हणतात. पोथीत मात्र तो नाही. लेखनिकांनी व्यंजनं घातली नाहीत. कोऱ्या जागेत नुसत्या स्वरखुणा ठेवल्या आणि शब्द समासात लिहिला. हाती आलेला पाठ अक्षरानेही बदलायचा नाही, आणि कानावर आलेलं वाचनही हरवू द्यायचं नाही! एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन पंडितांनी पाठ दुरुस्त करण्याचा सपाटा लावला. त्यांची विद्वत्ता मी मानते, पण इथे माझा कौल लेखनिकांना. दुरुस्ती जरूर सुचवा, तळटीपेत सुचवा.

आमच्या बेने इस्राएल ज्यूंच्या घरांत हिब्रू आली ती मराठीचं बोट धरून. जोसेफ इझेकिएल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षकही होते. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हग्गादात, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पुस्तकात, हिब्रूबरोबर मराठी आहे, आणि चित्रातल्या बायका बेखमीर भाकरी करताहेत त्या आपल्यासारख्या जमिनीवर बसून. आजी त्या रात्री मराठीच वाचायची.

अलीकडे मी समासातल्या खुणांवर मराठीत पुस्तिका लिहिते आहे. रूथचं ते पान अजून अडलंय. दर प्रुफात ती कोरी जागा चूक समजून मिटवलेली येते, आणि मी ती पुन्हा मोकळी करून पाठवते.