रिकामी गव्हाण

नेपल्समधल्या सान ग्रेगोरिओ आर्मेनोच्या बोळात नाताळाआधी पाय ठेवायला जागा नसते. दुतर्फा दुकानांत येशूजन्माचे देखावे मांडलेले. पाहावे तर बेथलेहेमच्या नावाखाली सारे नेपल्सच! मासळीवाला आहे, खाटीक आहे, भट्टीपुढे पाववाला आहे. वर टेकडीवर, सान मार्तिनोच्या संग्रहालयात १८७९ पासून असलेल्या कुचिनिएल्लोंच्या देखाव्यातही हीच गर्दी. चेहरे भाजल्या मातीचे, अंगावर रेशीम.

बोळातल्या एका देखाव्यातली गव्हाण मात्र रिकामी होती. बाळ ठेवायचे ते २४ डिसेंबरच्या रात्री, अशी तिथली रीत. पाहता पाहता मनात आले, देव यायचा म्हणून इथे कुणी दुकान बंद केलेले नाही, आणि त्याचेही काही अडलेले नाही. आपल्या धबडग्यातही एवढी एक जागा मोकळी राहिली, तरी पुष्कळ झाले.